रंग गेला, बी उरले : खान्देशातील करडईची कहाणी

ॲस्टर हे नाव उच्चारले की आमच्या बहुतेक वाचकांच्या डोळ्यांपुढे वेदीवरच्या फुलदाणीतील जांभळी, पांढरी, गुलाबी फुले उभी राहतील. सणावाराला बाजारातून आणलेली ही फुले चांगली टिकतात, हारात शोभतात आणि गुच्छातही शोभतात. मूळची चीन देशातील ही वनस्पती अठराव्या शतकात युरोपातील बागांत पोचली आणि पुढे जगभर पसरली. ॲस्टर या ग्रीक शब्दाचा अर्थ तारा. या नावावरून वनस्पतिशास्त्रज्ञांनी एका विशाल कुळाचे नामकरण केले आहे. झेंडू, शेवंती, सूर्यफूल, डेलिया, गलांडा, कारळे, एवढेच नव्हे तर शेतकऱ्याच्या उरावर बसलेले गाजरगवत, ही सारी या कुळातील मंडळी होत. पंचवीस हजारांहून अधिक जातींच्या या गोतावळ्यात एक काटेरी नातलग असा आहे, की जो फुलदाणीत कधी शिरला नाही. परंतु ज्याने शतकानुशतके आमच्या लोकांची वस्त्रे रंगवली, दिवे पेटवले आणि भाजीला फोडणी दिली. त्याचे नाव करडई.

काही वर्षांपूर्वी फेब्रुवारी महिन्यात आम्ही जळगावहून एरंडोलकडे निघालो होतो. सोबत महाविद्यालयात शिकणारी तीन मुले होती. रस्त्याकडेच्या हरभऱ्याच्या शेतात, बांधाच्या आतल्या अंगाला, केशरी फुलांनी पेटलेली एक अरुंद पट्टी दिसली. आम्ही गाडी थांबवली आणि मुलांना विचारले, "हे कोणते फूल?" एकाने सूर्यफुलाची लहान जात असेल म्हटले, दुसऱ्याने झेंडू, तिसरा गप्प राहिला. तिघेही शेतकऱ्यांचीच मुले. शेताचा मालक जवळच होता. आम्ही इतके काय पाहतो आहोत, याचे त्याला नवल वाटले असावे. तो म्हणाला, "घरना तेलपुरती पेरेल शे, भाऊ."

घरच्या तेलापुरती! ज्या पिकाचा रंग एके काळी समुद्रापलीकडे जात असे, ते पीक आता एका घराच्या तेलापुरते उरले होते, आणि पुढच्या पिढीला त्याचे नावही ठाऊक नव्हते. हे असे का झाले, याचा मागोवा घ्यावा असे त्या दिवसापासून आमच्या मनात होते. प्रस्तुत लेख हा त्याच मागोव्याचा भाग आहे.

एक रोप, दोन नावे

ॲस्टर कुळाचे वैशिष्ट्य असे, की ज्याला आपण एक फूल म्हणतो ते वस्तुतः अनेक चिमुकल्या फुलांचा मेळावा असतो. सूर्यफुलात वा ॲस्टरमध्ये कडेची फुले पाकळीसारखी पसरतात आणि मधली नळीसारखी असतात. करडईत मात्र सगळीच फुले नळीदार. एका काटेरी बोंडात ती दाटीवाटीने बसलेली असतात. उमलताना ती पिवळी असतात, मग केशरी होतात आणि कोमेजता कोमेजता लाल होतात. प्रत्येक चिमुकल्या फुलाच्या तळाशी एकच बी धरते. फलधारणा झाल्यावर वरची वाळू लागलेली लाल नळी खुडून घेतली, तरी खालच्या बीचे काही बिघडत नाही. म्हणजे एकाच बोंडातून आधी रंग घ्यावा आणि नंतर तेल घ्यावे, अशी ही निसर्गाचीच योजना आहे.

आमच्या भाषेनेही या दुहेरी देणगीची नोंद ठेवली आहे. शेतातले पीक आणि त्याचे बी म्हणजे करडई. त्या फुलाचा रंग म्हणजे कुसुंबा, आणि त्या रंगात बुडवलेले वस्त्र कुसुंबी. संस्कृतातील 'कुसुम्भ' हा त्याचा पूर्वज. शास्त्रीय नावातील 'कार्थॅमस' हा शब्द अरबी 'कुर्तुम'वरून आला आहे. १७५३ मध्ये लिनिअसने या वनस्पतीला जे पूर्ण नाव दिले, त्याच्या दुसऱ्या भागाचा अर्थच 'रंगाऱ्याची' असा होतो. यावरून युरोपही तिला प्रथम रंगासाठी ओळखत होता, हे उघड आहे.

खान्देशच्या नकाशावर कुसुंबे वा कुसुंबा या नावाची गावे आहेत. एक धुळे तालुक्यात, दुसरे जळगाव शहरालगत, आणखी रावेरकडे. गावाच्या नावावरून इतिहास रचण्याचा मोह इतिहासाच्या अभ्यासकाने आवरावा हे खरे. तथापि हा शब्द येथील माणसांच्या तोंडी किती सहज रुळला होता, एवढे तरी त्यावरून म्हणता येते.

करडईचा प्रवास मोठा आहे. प्राचीन इजिप्तमध्ये मृतदेहांना गुंडाळलेल्या वस्त्रांवर तिचा रंग सापडला आहे. चीनमध्ये 'लाल फूल' या नावाने ती औषधात आणि रंगात वापरली गेली. जपानमध्ये यामागाता प्रांतात मोगामी नदीच्या खोऱ्यात तिची मोठी लागवड होई आणि तिच्या लाल रंगापासून स्त्रियांच्या ओठांना लावण्याची लाली बनत असे. आपल्याकडे कालिदासाच्या 'ऋतुसंहारा'तील वसंतवर्णनात स्त्रिया कुसुंभरंगी वस्त्रे ल्यायल्या आहेत. वसंत आणि कुसुंबा यांचे हे साहचर्य केवळ कविकल्पना नव्हे. रब्बीतील करडई फुलते ती माघ-फाल्गुनातच.

रंगाऱ्याची परीक्षा

कुसुंब्याचा रंग काढणे हे सोपे काम नव्हते. फुलात दोन रंग एकत्र नांदतात. एक पिवळा, तो विपुल असतो आणि पाण्यात सहज विरघळतो. दुसरा लाल, ज्याला रसायनशास्त्रात कार्थामिन म्हणतात. तो वाळलेल्या पाकळ्यांच्या वजनाच्या एक टक्काही भरत नाही आणि साध्या पाण्याला दाद देत नाही. रंगाऱ्याला हवा असे तो हा लाल. त्यासाठी विपुल असलेला पिवळा रंग आधी धुऊन टाकावा लागे.

कोमेजू लागलेली फुले दर दोन-तीन दिवसांनी खुडली जात. ती सावलीत वाळवून पाण्यात भिजवत, तुडवत, मळत आणि पुन्हा धूत. पाण्यावर पिवळी झाक उरेनाशी झाली म्हणजे लगदा पिळून त्याच्या चपट्या वड्या करत आणि वाळवत. बाजारात याच वड्या येत. रंगारी त्या साजीखाराच्या किंवा झाडपाल्याच्या राखेच्या पाण्यात कालवी. खाराच्या संगतीत लाल रंग फुलातून सुटून पाण्यात उतरे. मग त्या पाण्यात लिंबाचा रस अथवा तशीच दुसरी आंबट वस्तू घालत. आंबटपणा लागताच रंग पाण्यात राहायला नाराज होई आणि बुडवलेल्या कापडाला जाऊन चिकटे. एका बुडीत फिकट गुलाबी, पुन्हा पुन्हा बुडवले की गडद लाल. अगोदर हळदीचा हात दिला तर नारिंगी, निळीवर चढवला तर जांभळा, अशा छटा साधता येत.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. सुती कापडाला बहुतेक वनस्पतिज रंग तुरटीसारख्या मध्यस्थावाचून पक्के बसत नाहीत. कुसुंब्याला असा मध्यस्थ लागत नाही. तो सुताला आणि रेशमाला सरळ भिडतो. या गुणामुळेच गावोगावच्या रंगाऱ्याला तो आपलासा वाटला असला पाहिजे. प्रयोगशाळा नव्हती, तराजूही बेताचाच; खार किती, आंबट किती, हे जीभ आणि बोटे सांगत. हे ज्ञान कोणत्याही पाठशाळेत शिकवले जात नव्हते. ते बापाकडून मुलाकडे आणि सासूकडून सुनेकडे जात असे.

झळकतो, पण जातो

कुसुंब्याचा दोषही त्याच्या गुणाइतकाच प्रसिद्ध होता. तो उन्हात उडतो, साबणात आणि खारात सुटतो. ज्या खाराने तो फुलातून बाहेर काढायचा, तोच खार त्याला वस्त्रातून घालवतो. चौदाव्या शतकातील विश्वनाथाच्या 'साहित्यदर्पण' या ग्रंथात अनुरागाचे तीन प्रकार सांगितले आहेत आणि तिन्हींना रंगांची नावे दिली आहेत. नीलीराग बाहेरून फारसा झळकत नाही, पण मनातून जात नाही. मंजिष्ठाराग झळकतो आणि जातही नाही. कुसुंभराग मात्र झळकतो, पण जातो. साहित्यशास्त्राच्या पंडिताने रंगाऱ्याच्या कुंडातून हा दृष्टांत उचलावा, यावरून हे रंग आणि त्यांचे स्वभाव सर्वसामान्यांच्या किती परिचयाचे होते हे दिसून येते.

परंतु या क्षणभंगुरतेला एक दुसरी बाजू होती. पागोटे, ओढणी, लुगडे यांचा रंग उतरला की लोक ते पुन्हा रंगवून घेत. सण आला, लग्न आले, की वस्त्र रंगाऱ्याकडे जाई. रंग टिकत नसे म्हणूनच रंगाऱ्याची चूल पेटत असे. पक्का रंग विकणाऱ्याचे गिऱ्हाईक वर्षाने परतते. कच्चा रंग विकणाऱ्याचे सणागणिक. कुसुंब्याचा दोष हा एका संपूर्ण व्यवसायाचा आधार होता, ही गोष्ट आजच्या आमच्या टिकाऊपणाच्या कल्पनेला जरा विचित्र वाटते.

खान्देशातील लाल रंग

१८१८ मध्ये पेशवाई संपली आणि खान्देश इंग्रजांच्या अमलाखाली आला. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबई इलाख्याची जिल्हावार गॅझेटियरे तयार झाली. त्यांतील खान्देशचा खंड १८८० सालचा. याच वर्षी जळगावजवळच्या आसोदे गावी बहिणाबाई चौधरींचा जन्म झाला. एकीकडे इंग्रज अधिकारी येथील पिके, जमिनी आणि उद्योग यांची जंत्री करत होते, आणि दुसरीकडे तीच शेती पुढे ओव्यांत गुंफणारी मुलगी जन्म घेत होती. जंत्री आणि ओवी, दोन्हींवाचून आमच्या शेतीचा इतिहास पुरा होत नाही.

खान्देश हा रंगकामाचा प्रदेश होता. यावल तालुक्यातील फैजपूर, जेथे १९३६ च्या डिसेंबरात काँग्रेसचे ग्रामीण भागातील पहिले अधिवेशन भरले, ते एकोणिसाव्या शतकात छापील सुती कापडासाठी आणि निळ्या व लाल रंगासाठी नावाजलेले होते. टिकाऊ लाल रंग मिळे तो आल नावाच्या झाडाच्या मुळ्यांतून. त्यासाठी झाड सुमारे तीन वर्षे शेतात ठेवावे लागे आणि मग खोल खणून मुळ्या काढाव्या लागत. कुसुंबा त्या मानाने गरिबाचा रंग. एकाच हंगामात, हरभऱ्याच्या वा गव्हाच्या शेताच्या कडेला चार ओळी पेरल्या तरी फुले मिळत आणि बी वर राही.

त्या काळी करडईचे दोन स्वभाव शेतकऱ्याला ठाऊक होते. एक काटेरी आणि एक बिनकाट्याची. फुले खुडायची असत तेथे बिनकाट्याची करडई बरी. तेल काढायचे असे तेथे काटेरीला पसंती. काटेरी पिकाचा आणखी एक उपयोग होता. शेताच्या कडेने तिच्या ओळी पेरल्या की गुरे आत शिरत नसत. बांधावरचे ते जिवंत कुंपणच होते. ही दोन रूपांची गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी, कारण पुढे करडईचे दैव तिने ठरवले आहे.

पितापुत्रांचा योगायोग

१८५६ साली लंडनमध्ये विल्यम हेन्री पर्किन नावाचा अठरा वर्षांचा विद्यार्थी आपल्या घरच्या प्रयोगशाळेत हिवतापावरचे क्विनाईन कृत्रिम रीतीने बनवण्याच्या खटपटीत होता. क्विनाईन बनले नाही. हाती आला तो एक जांभळा रंग. डांबरापासून मिळणाऱ्या पदार्थांतून निघालेला हा पहिला यशस्वी कृत्रिम रंग होय. तीन वर्षांच्या आत भडक किरमिजी मॅजेंटा आला. १८६८ मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी मंजिष्ठातील लाल द्रव्य प्रयोगशाळेत घडवले आणि मुळ्यांपासून मिळणाऱ्या लाल रंगांचा बाजार बसू लागला. १८८४ मध्ये काँगो रेड निघाला. तो तुरटीवाचून सुताला सरळ बसणारा होता. कुसुंब्याचा जो एक खास गुण, तोही आता बाटलीत मिळू लागला.

खान्देशात याच सुमारास आणखी दोन गोष्टी घडत होत्या. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेना आणि आमच्या काळ्या जमिनीतील कापसाला कधी नव्हे तो भाव आला. त्याच दशकात लोहमार्ग खान्देशातून गेला. भुसावळ त्याचे मोठे ठाणे बनले. आगगाडी कापूस घेऊन मुंबईला जाई आणि येताना विलायती कापड व विलायती रंगांचे डबे आणी. पाकळ्या खुडा, वाळवा, तुडवा, धुवा, खार घाला, आंबट घाला, ही सारी यातायात एका चिमूटभर पुडीने अनावश्यक करून टाकली. रंगाऱ्यानेच ती पुडी प्रथम हाती घेतली, यात नवल नाही. पोटासाठी राबणाऱ्या माणसाला त्याबद्दल दोष देण्याचा अधिकार आम्हांला नाही.

इंग्लंडातही काही काळ कुसुंबा टिकून राहिला तो एका गमतीच्या ठिकाणी. सरकारी दस्तऐवज बांधण्याच्या लालसर फिती त्याने रंगवल्या जात. ज्या लालफितीच्या नावाने आपण आजही बोटे मोडतो, तिचा रंग आमच्या करडईच्या फुलाने दिलेला होता!

या कथेतील एक योगायोग मात्र मनाला चटका लावून जातो. ज्या पर्किनने वनस्पतिज रंगांच्या अंताचा आरंभ केला, त्याचाच मुलगा आर्थर जॉर्ज पर्किन याने आपले आयुष्य वनस्पतिज रंगांच्या रसायनाचा अभ्यास करण्यात घालवले. १९१० साली त्याने एका जपानी सहकाऱ्यासमवेत कार्थामिनवर, म्हणजेच कुसुंब्याच्या लाल रंगावर, शोधनिबंध प्रसिद्ध केला. वडिलांच्या शोधाने जो रंग बाजारातून उठला, त्याचे गुपित मुलगा प्रयोगशाळेत शोधत होता. तोवर हिंदुस्थानातील खेड्यापाड्यांत ते खुडणारे हात दुसऱ्या कामाला लागले होते.

घाण्याचे दिवस

रंग गेला, पण रोप गेले नाही. नीळ आणि आल यांच्याजवळ रंगाखेरीज शेतकऱ्याला देण्यासारखे फारसे काही नव्हते. रंगाबरोबर तीही शेतातून उठली. करडईजवळ बी होते. फुले शेतातच गळू लागली आणि बोंडे घाण्यावर जाऊ लागली. मात्र जाताना रंगाने एक गोष्ट आपल्याबरोबर नेली. फुले खुडायची नाहीत, तर बिनकाट्याची करडई हवी कशाला? शेतात मुख्यतः काटेरीच राहिली.

लाकडी घाण्यातून निघालेले करडईचे तेल खाण्यास हलके मानले गेले. कोवळ्या रोपांची पाने भाजीला चालत. विरळणी करताना उपटलेली रोपे वाया जात नसत. टरफलासकट निघालेली पेंड खतासाठी आणि टरफल काढलेल्या बीची पेंड गुरांसाठी वापरली जाई. तेलाचा एक प्रकार तर खास विहिरीसाठी होता. बी भांड्यात घालून उष्णतेने जे काळे, चिकट तेल गाळले जाई, ते खाण्याच्या उपयोगाचे नसे; पण मोटेच्या कातड्याला आणि नाड्याला ते चोपडले की पाण्याने कातडे कुजत नसे. मोट गेली, तसे हे तेलही विस्मृतीत गेले.

शास्त्रीय अभ्यासाला प्रारंभ झाला तो विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात. बिहारमधील पुसा येथील संशोधन संस्थेत आल्बर्ट हॉवर्ड आणि त्यांच्या पत्नी गॅब्रिएल हॉवर्ड यांनी हिंदुस्थानी करडईच्या प्रकारांची वर्गवारी केली आणि १९१५ मध्ये ती प्रसिद्ध झाली. हेच आल्बर्ट हॉवर्ड पुढे इंदूरला कंपोस्ट खताच्या पद्धतीमुळे जगप्रसिद्ध झाले. स्वातंत्र्यानंतर तेलबियांच्या संशोधनाला वेग आला. महात्मा फुले कृषी विद्यापीठाची स्थापना १९६८ ची. त्याच्या सोलापूर केंद्रातून १९८२ मध्ये 'भीमा' हा वाण आला. जळगावचे तेलबिया संशोधन केंद्र भुईमूग आणि तीळ यांसाठी अधिक ओळखले जात असले, तरी करडईलाही त्याने हात दिला. १९९० मध्ये आलेल्या वाणाला आमच्या नदीचे, 'गिरणा' हे नाव लाभले आणि २००३ मध्ये 'फुले कुसुमा' आला. शतकापूर्वी मावळलेल्या कुसुंब्याचे नाव अशा रीतीने एका तेलाच्या वाणाला पुन्हा मिळाले.

दरम्यान वैद्यकशास्त्राने करडईला नवी प्रतिष्ठा दिली होती. तिच्या तेलात लिनोलिक आम्लाचे प्रमाण सत्तर टक्क्यांच्या वर असते, आणि असे तेल रक्तातील कोलेस्टेरॉलच्या दृष्टीने बरे, असा विचार विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रूढ झाला. शहरी घरांत पोचलेल्या 'सफोला' या नावाचा उगम करडईच्या इंग्रजी नावातच आहे. ते विकणाऱ्या मॅरिको कंपनीचा कारखाना जळगावच्या औद्योगिक वसाहतीतही उभा राहिला. पुढे त्या नावाखाली इतर तेलांची मिश्रणे आली. नाव करडईचे राहिले, पण करडईचे शेत वाढले नाही.

काट्यांचा हिशेब

१९८६ मध्ये केंद्र सरकारने तेलबिया तंत्रज्ञान अभियान हाती घेतले आणि काही वर्षे देश खाद्यतेलात स्वयंपूर्णतेच्या जवळ पोचला. १९९४ पासून पामतेलाची आयात खुली होत गेली. आज देशाला लागणाऱ्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून अधिक तेल बाहेरून येते. परदेशातील मळ्यांतून जहाजाने आलेले तेल स्वस्त पडू लागल्यावर घाण्यावरच्या करडईला कोण विचारणार? १९८० च्या दशकात देशात कित्येक लाख हेक्टरांवर असलेले हे पीक आता एक लाख हेक्टरांच्याही आत आले आहे.

केवळ आयातीला दोष देणे न्यायाचे होणार नाही. खान्देशातील जेथे पाणी आले, तेथे केळी आली, ऊस आला, मका आला. पाण्याच्या शेतात करडईने राहावे असे कोणी म्हणणारही नाही. कोरडवाहू शेतातून मात्र तिला हुसकावले ते तिच्याच काट्यांनी. पीक वाळले की पानांचे आणि बोंडांचे काटे सुईसारखे टणक होतात. म्हणून कापणी भल्या पहाटे करावी लागते, दवाने काटे मऊ असतात तेव्हा. हाताला फडकी गुंडाळून, पायांना पोती बांधून मजूर हे काम करत. मजुरी वाढली, दुसरी कामे मिळू लागली, तशी या कामाला माणसे मिळेनात. आणि ती मिळावीत तरी का? रक्ताळलेल्या हातांनी कापलेल्या पिकाच्या आठवणीने गहिवरणे आम्हां लिहिणाऱ्यांना सोपे असते.

२०२५-२६ च्या रब्बी विपणन हंगामासाठी केंद्राने करडईचा हमीभाव क्विंटलला ५,९४० रुपये जाहीर केला. हरभऱ्याचा ५,६५० रुपये होता. कागदावर करडई वरचढ दिसते. तरीही शेतकरी हरभरा पेरतो, कारण हरभऱ्याला गावोगाव गिऱ्हाईक आहे आणि त्याची कापणी हात फाडत नाही.

या काट्यांवर उत्तर शोधले गेले ते सातारा जिल्ह्यात. फलटण येथे बनबिहारी निंबकर यांनी १९६८ मध्ये स्थापलेल्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने एकविसाव्या शतकाच्या आरंभी 'नारी-६' हा बिनकाट्याचा वाण आणि 'नारी-एनएच-१' हा बिनकाट्याचा संकरित वाण दिला. त्याबरोबर पाकळ्यांचाही विचार पुन्हा सुरू झाला. वाळवलेल्या पाकळ्यांचा चहा आणि खाद्यपदार्थांसाठी नैसर्गिक रंग असे त्यांचे नवे उपयोग पुढे आले. एका अर्थी चक्र पुरे फिरले. रंग गेला तेव्हा जी बिनकाट्याची करडई मागे पडली होती, ती शंभर-सव्वाशे वर्षांनी पाकळ्यांच्या निमित्ताने पुन्हा शेताच्या दारी येऊन उभी राहिली.

लागवडीविषयी थोडेसे

ज्यांच्याकडे काळी, ओल धरणारी जमीन आहे, त्यांच्यासाठी चार गोष्टी येथे नमूद करतो. सप्टेंबरच्या अखेरीपासून ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत पेरणी करावी. उशीर झाला की मावा पिकावर तुटून पडतो. हेक्टरी दहा ते बारा किलो बी पुरते. दोन ओळींत ४५ सेंटिमीटर आणि दोन रोपांत विरळणीनंतर २० सेंटिमीटर अंतर असावे. मूळ दीड मीटर वा त्याहूनही खोल जाते आणि पावसाळ्याची मुरलेली ओल शोधून आणते. म्हणून पेरणीनंतर पाऊस न पडताही हे पीक तग धरते. त्याला वावडे आहे ते साचलेल्या पाण्याचे. सुमारे १२५ ते १४० दिवसांत पीक तयार होते. फुलोऱ्यात मधमाश्या मोठ्या संख्येने येतात; त्या काळात विषारी फवारणी टाळणे शहाणपणाचे. पाकळ्या घ्यायच्या असतील तर त्या कोमेजून लाल झाल्यावरच खुडाव्यात.

वाचकांपैकी काहींना वाटेल, की एका काटेरी रोपासाठी एवढा शाईचा खर्च कशाला? आमचे म्हणणे एवढेच, की करडईचा इतिहास हा तिच्या गुणदोषांचा इतिहास नाही. तिचा रंग १८५६ पूर्वी जेवढा सुंदर होता तेवढाच नंतरही होता. तिचे तेल १९९४ पूर्वी जेवढे चांगले होते तेवढेच आजही आहे. बदलले ते दूरच्या प्रयोगशाळेतले आणि दूरच्या बंदरातले हिशेब. त्या हिशेबांपुढे आमचा शेतकरी, रंगारी आणि तेली यांना कोणी विचारले नाही. तरीही हे रोप दोनदा बाजारातून उठून पुरते नाहीसे झाले नाही, कारण कोणीतरी दर वर्षी बांधालगत चार ओळी पेरत राहिले.

एरंडोलच्या वाटेवरच्या त्या शेतकऱ्याने निघताना मुलांच्या हातावर मूठभर बी ठेवले. पांढरे, गुळगुळीत, चारी अंगांनी कोनदार असे ते बी. ज्याने काहीच उत्तर दिले नव्हते त्या मुलाने ते खिशात टाकले आणि पुढच्या हंगामात आपल्या वडिलांच्या हरभऱ्याच्या कडेला पेरले, असे त्याने नंतर आम्हांला कळवले. त्याची आजी म्हणे फुले पाहून हरखली आणि तिने नातवाला त्या फुलाचे जुने नाव सांगितले. ज्यांच्या घरी अशी आजी अजून आहे, त्यांनी तिला विचारून घ्यावे. आणि ज्यांच्याकडे चार ओळींपुरती जमीन आहे, त्यांनी त्या चार ओळी पेराव्यात, एवढीच आमची विनंती.